अमेरिकेतील मुलांच्या पोटगीचा कायदा आणि अल्प उत्पन्न गटातील पित्यांच्या रोजगाराचा प्रश्न

अमेरिकेच्या आरोग्य आणि मानवसेवा विभागाने डिसेंबर २०२४ मध्ये एक नियम प्रसिद्ध केला. मुलांच्या पोटगीची वसुली करणाऱ्या सरकारी यंत्रणेला, राज्याची तशी इच्छा असल्यास, पोटगी देणे असलेल्या पालकाला काम मिळवून देण्यासाठी आणि कामाचे प्रशिक्षण देण्यासाठीही केंद्रीय निधी वापरता येईल, अशी तरतूद या नियमाने करण्यात आली. वरकरणी ही बाब निव्वळ प्रशासकीय वाटते. तथापि तिथवर पोहोचण्यास त्या देशाला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. पोटगी चुकवणारा पिता आणि पोटगी देऊच न शकणारा पिता, या दोघांत भेद कसा करावयाचा, हा या पन्नास वर्षांतील वादाचा गाभा होता.

अमेरिकेत घटस्फोटित, विभक्त किंवा अविवाहित जोडप्यांच्या मुलांचा ताबा ज्या पालकाकडे असतो, त्याला दुसऱ्या पालकाने दरमहा ठरावीक रक्कम द्यावयाची असते. ताबा असलेल्या दर पाच पालकांपैकी साधारण चार माता असतात. म्हणून हा विषय व्यवहारात पित्यांचा ठरला आहे. १९७५ पूर्वी ही सारी प्रकरणे राज्यांच्या न्यायालयांवर सोडलेली होती. न्यायालय हुकूम देई. रक्कम हाती पडते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मातेची असे.

राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ४ जानेवारी १९७५ रोजी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने हे चित्र बदलले. सामाजिक सुरक्षा कायद्याच्या चौथ्या प्रकरणाला नवा भाग जोडण्यात आला आणि प्रत्येक राज्यात पोटगीवसुलीची यंत्रणा उभी राहिली. या यंत्रणेच्या खर्चाचा मोठा वाटा केंद्र सरकार उचलते. मात्र या कायद्याचा मूळ हेतू ध्यानात घेतल्याशिवाय पुढच्या गुंतागुंतीचा उलगडा होत नाही. त्या वेळी निराधार मुलांच्या कुटुंबांना मिळणाऱ्या सरकारी साहाय्याचा खर्च वाढत चालला होता. हा खर्च मुलांच्या पित्यांकडून वसूल करावा, हा विचार कायद्यामागे होता. त्यामुळे साहाय्य घेणाऱ्या मातेला पोटगीचा आपला हक्क राज्याच्या नावे करून द्यावा लागे. पिता पैसे भरी, ते सरकारी तिजोरीत जमा होत आणि मुलाच्या ताटात त्यातून काहीही पडत नसे. १९८४ मध्ये वसुलीतील पहिले ५० डॉलर कुटुंबाला देणे बंधनकारक झाले. १९९६ च्या कल्याणकारी योजनांच्या सुधारणा कायद्याने हे बंधनही काढून टाकले.

वसुलीची साधने

दरम्यानच्या काळात वसुलीची साधने उत्तरोत्तर कठोर होत गेली. थकबाकीदाराचा प्राप्तिकराचा परतावा अडवून ठेवण्याची पद्धत १९८१ मध्ये सुरू झाली. १९८८ च्या कुटुंब साहाय्य कायद्याने राज्यांनी ठरवलेली पोटगीची सूत्रे न्यायालयांसाठी जवळजवळ बंधनकारक केली आणि पगारातून थेट कपात करण्याची पद्धत सर्वदूर नेली. १९९६ च्या कायद्याने नव्याने कामावर घेतलेल्या प्रत्येक व्यक्तीची माहिती वीस दिवसांच्या आत कळवणे मालकांना बंधनकारक केले. त्यातून नव्या कर्मचाऱ्यांची राष्ट्रीय सूची तयार झाली. वाहनपरवाना आणि व्यवसायपरवाना निलंबित करण्याचे अधिकार राज्यांना याच कायद्याने मिळाले. थकबाकी २,५०० डॉलरहून अधिक झाल्यास पारपत्रही नाकारले जाते.

नोकरदार पित्यांच्या बाबतीत ही व्यवस्था यशस्वी झाली, हे मान्य करावयास हवे. दरवर्षी वसूल होणारी रक्कम ३० अब्ज डॉलरच्या आसपास पोहोचली असून तिचा सर्वात मोठा हिस्सा पगारकपातीतून येतो. मुलांची जबाबदारी झटकून दुसऱ्या राज्यात निघून जाणारा सुस्थित पिता ही काल्पनिक व्यक्ती नव्हती. १९८० च्या दशकातील कायदे मुख्यतः त्याला समोर ठेवून झाले आणि त्याला त्यांनी गाठलेही. अडचण आली ती ज्याच्यापाशी कापून घेण्यासारखा पगारच नव्हता, त्याच्या बाबतीत.

थकबाकी कशी साचते

पोटगीची रक्कम ठरवताना पित्याच्या उत्पन्नाचा पुरावा नसेल, किंवा तो सुनावणीलाच हजर नसेल, तर त्याचे उत्पन्न गृहीत धरले जाते. पुष्कळदा तो पूर्णवेळ किमान वेतनावर काम करतो, असे मानण्यात येते. २००९ पासून केंद्रीय किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर आहे. आठवड्याला ४० तास धरल्यास महिन्याचे उत्पन्न सुमारे १,२५७ डॉलर होते. विस्कॉन्सिन राज्याच्या सरळ टक्केवारीच्या सूत्रात दोन मुलांसाठी २५ टक्के रक्कम ठरते. म्हणजे सुमारे ३१४ डॉलर. आता हाच पिता एखाद्या गोदामात किंवा उपाहारगृहात आठवड्याला २० तासच काम मिळणारा असेल, तर त्याच्या खऱ्या कमाईचा निम्मा भाग पोटगीत जातो. विस्कॉन्सिनने पुढे अल्प उत्पन्नासाठी कमी दराचे वेगळे कोष्टक केले, त्याचे कारण हेच. केंद्रीय कायद्यानुसार पोटगीसाठी हातात येणाऱ्या वेतनाच्या ५० ते ६५ टक्क्यांपर्यंत कपात करता येते. सर्वसाधारण खासगी कर्जासाठी ही मर्यादा इतकी वर नाही.

काम सुटले तरी हुकूम सुटत नाही. रक्कम कमी करून घेण्यासाठी न्यायालयात रीतसर अर्ज करावा लागतो. न्यू जर्सीचे सिनेटर बिल ब्रॅडली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९८६ च्या दुरुस्तीनुसार एकदा साचलेली थकबाकी मागाहून न्यायालयालाही कमी करता येत नाही. वजनदार पित्यांनी न्यायाधीशांना गळ घालून थकबाकी माफ करून घेऊ नये, यासाठी ही तरतूद होती. तिचा फटका मात्र अर्ज करण्याची माहिती नसलेल्यांना बसला. तुरुंगात असलेल्या पित्याच्या बाबतीत तर काही राज्यांत तुरुंगवास ही ‘स्वेच्छेने पत्करलेली बेकारी’ मानली जाई. परिणामी शिक्षा भोगत असताना त्याच्या नावे दरमहा रक्कम चढत राही. अनेक राज्ये त्यावर व्याजही लावतात. कॅलिफोर्नियात या व्याजाचा दर १० टक्के होता. बाहेर येणारा माणूस हजारो डॉलरचे देणे घेऊनच फाटकाबाहेर पाऊल ठेवी.

अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने २००७ मध्ये नऊ मोठ्या राज्यांतील थकबाकीचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकूण थकबाकीपैकी सुमारे ७० टक्के रक्कम ज्यांचे नोंदलेले वार्षिक उत्पन्न १०,००० डॉलर किंवा त्याहून कमी होते, किंवा ज्यांच्या नावे उत्पन्नाची नोंदच नव्हती, अशांकडून येणे होते. देशभरातील थकबाकीचा आकडा १०० अब्ज डॉलरपलीकडे गेला असताना त्यातील बरीचशी रक्कम कधीच वसूल होण्यासारखी नाही, ही गोष्ट या आकडेवारीने उघड केली.

या पित्यांपैकी काही मिळकत लपवत होते, यात संशय नाही. परंतु कठोर वसुलीचा कमाईवरच उलटा परिणाम होतो का, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांपुढे होता. हॅरी होल्झर, पॉल ऑफनर आणि इलेन सोरेन्सन यांनी २००५ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, कमी शिकलेल्या तरुण कृष्णवर्णीय पुरुषांचा नोंदणीकृत रोजगारातील सहभाग घटण्यामागे तुरुंगवासाचे वाढते प्रमाण आणि पोटगीची कडक अंमलबजावणी ही दोन महत्त्वाची कारणे होती. यामागील हिशेब सोपा आहे. नोंदणीकृत नोकरी धरली की लवकरच मालकाकडे कपातीचा आदेश येणार. रोख मजुरीच्या कामावर तो येत नाही. ज्या मोटारीने कामावर जावयाचे, तिचा परवानाच थकबाकीपोटी निलंबित झाला, तर नोकरी मिळण्याची शक्यता आणखी दुरावते. सार्वजनिक वाहतूक तुरळक असलेल्या अमेरिकी शहरांत ही बाब किरकोळ नव्हे.

आठवड्याचे ५१ डॉलर ७३ सेंट

या साऱ्या साखळीचे सर्वात ठळक उदाहरण साउथ कॅरोलायना राज्यातील ‘टर्नर विरुद्ध रॉजर्स’ या खटल्यात दिसते. २००३ मध्ये कुटुंब न्यायालयाने मायकेल टर्नर यांना आठवड्याला ५१ डॉलर ७३ सेंट भरण्याचा आदेश दिला. पुढील तीन वर्षांत रक्कम थकवल्याबद्दल ते पाच वेळा अवमानाचे दोषी ठरले. जानेवारी २००८ मध्ये थकबाकी ५,७२८ डॉलर ७६ सेंट झाली होती. सुनावणी अल्पावधीत आटोपली. टर्नर यांच्या बाजूने वकील नव्हता आणि मुलाच्या मातेच्या बाजूनेही नव्हता. न्यायाधीशांनी बारा महिन्यांच्या कारावासाचा आदेश दिला. आदेशाच्या छापील नमुन्यात प्रतिवादीची रक्कम भरण्याची ऐपत आहे किंवा नाही, हे नोंदवण्यासाठी जागा होती. ती कोरीच राहिली.

प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २० जून २०११ रोजी पाच विरुद्ध चार अशा बहुमताने दिलेल्या निकालात, अशा दिवाणी अवमान प्रकरणांत गरीब पालकाला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा सरसकट हक्क नाही, असे न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांनी नमूद केले. त्याचबरोबर ऐपत हाच कळीचा मुद्दा असल्याची पूर्वसूचना, उत्पन्नाची माहिती घेणारा नमुना, उत्तर देण्याची संधी आणि ऐपतीबाबत न्यायालयाचा स्पष्ट निष्कर्ष या गोष्टी, किंवा त्यांच्या तोडीची अन्य व्यवस्था, आवश्यक ठरवण्यात आली. टर्नर यांच्या बाबतीत यांपैकी काहीच झाले नव्हते. त्यांचा कारावास न्यायालयाने अवैध ठरवला. तोवर त्यांनी पूर्ण शिक्षा भोगलेली होती.

भारतीय वाचकाला हा प्रश्न अपरिचित नाही. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मधील कलम १२५ आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम १४४ यांनुसार, पुरेशी साधने असूनही पत्नी, मुले किंवा माता-पिता यांच्या निर्वाहाची हयगय करणाऱ्यास दरमहा रक्कम देण्याचा आदेश होऊ शकतो. ती थकवल्यास एक महिन्यापर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. कारावास भोगल्याने देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये कुलदीप कौर खटल्यात स्पष्ट केले. धडधाकट पतीने प्रसंगी अंगमेहनत करूनही पत्नी व अल्पवयीन मुलांचा निर्वाह केला पाहिजे, असे याच न्यायालयाने अंजू गर्ग प्रकरणात २०२२ मध्ये म्हटले. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सुरू झालेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र दाखल करणे आवश्यक केले. गृहीत उत्पन्नाऐवजी खऱ्या उत्पन्नाकडे जाण्याचा हा मार्ग म्हणता येईल. मात्र भारतात रक्कम वसूल करून देणारी अमेरिकेसारखी स्वतंत्र सरकारी यंत्रणा नाही. हुकूमनामा हाती घेऊन पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागते ती मातेलाच.

वसुलीऐवजी काम

कामाचा पर्याय प्रथम मोठ्या प्रमाणावर तपासला गेला तो ‘पेरेंट्स फेअर शेअर’ या प्रयोगात. १९८८ च्या कायद्याने दिलेल्या मुभेतून त्याचा जन्म झाला. १९९४ ते १९९६ या काळात डेटन, ग्रँड रॅपिड्स, जॅक्सनव्हिल, लॉस एंजेलिस, मेम्फिस, स्प्रिंगफिल्ड आणि ट्रेंटन या सात ठिकाणी तो राबवण्यात आला. पोटगी थकवलेले आणि काम नसलेले पाच हजारांहून अधिक पिते त्यात होते. त्यांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गटांत करण्यात आली. एका गटाला कामासाठी साहाय्य, एकमेकांशी बोलण्यासाठी पित्यांच्या बैठका, मातेशी असलेल्या तंट्यात मध्यस्थी आणि सहभागाच्या काळात पोटगीच्या रकमेत सवलत मिळाली. दुसऱ्या गटासाठी नेहमीचीच पद्धत चालू राहिली. एमडीआरसी या संस्थेने त्याचे मूल्यमापन केले.

प्रयोगाची पहिली फलश्रुती अनपेक्षित होती. चौकशीसाठी बोलावणे येताच काही पित्यांना आपण नोकरीत असल्याचे कबूल करावे लागले. रोज प्रशिक्षणाला हजर राहणे आणि लपवलेली नोकरी टिकवणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य नव्हत्या. पोटगी भरणाऱ्यांचे प्रमाण वाढले, त्यात या उलगड्याचा वाटा मोठा होता. उरलेल्यांच्या वाट्याला खरी निकड होती. तथापि एकूण गटाच्या रोजगारात किंवा कमाईत लक्षणीय वाढ झाली नाही. जे शाळा पूर्ण करू शकले नव्हते किंवा ज्यांना अलीकडचा कामाचा अनुभव नव्हता, त्यांच्याच कमाईत काहीशी वाढ आढळली.

अपयशाचे कारण योजनेच्या अंमलबजावणीत दिसते. मूळ आराखड्यात मालकाकडे प्रत्यक्ष पगारी काम करत शिकण्यावर भर होता. प्रत्यक्षात स्थानिक रोजगार संस्थांचे मूल्यमापन किती उमेदवार कामाला लागले यावर होत असल्याने, तुरुंगातून आलेल्या, शिक्षण अर्धवट राहिलेल्या पित्यांवर पैसा घालण्यास त्या फारशा राजी नव्हत्या. त्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला अर्ज कसा लिहावा आणि मुलाखत कशी द्यावी हे शिकवणारे वर्गच आले. पित्यांच्या आपसातील बैठका मात्र सहभागींना सर्वाधिक मोलाच्या वाटल्या.

टेक्सासने २००५ मध्ये निराळी वाट धरली. तेथे पोटगीच्या सुनावणीच्या दिवशीच रोजगार विभागाचा कर्मचारी न्यायालयात उपस्थित असतो. थकबाकीदाराने त्याच दिवशी नाव नोंदवावयाचे आणि कामाचा शोध सुरू करावयाचा. टाळाटाळ केल्यास तुरुंगाची शक्यता कायम. टेक्सास विद्यापीठाच्या २००९ च्या अभ्यासात या योजनेतील पालक तुलनेच्या गटापेक्षा सुमारे ४७ टक्के अधिक वेळा पोटगी भरत असल्याचे आढळले. हा अभ्यास चिठ्ठ्या टाकून केलेल्या विभागणीवर आधारित नव्हता, त्यामुळे त्याचे श्रेय किती रोजगार साहाय्याला आणि किती तुरुंगाच्या धाकाला द्यावयाचे, हे निश्चित सांगता येत नाही. काही समीक्षक तर धाकाविना ही योजना चालणारच नाही, असे मानतात.

त्यानंतर केंद्राने २०१२ मध्ये कॅलिफोर्निया, कोलोराडो, आयोवा, ओहायो, साउथ कॅरोलायना, टेनेसी, टेक्सास आणि विस्कॉन्सिन या आठ राज्यांत दहा हजारांहून अधिक पालकांचा नवा प्रयोग हाती घेतला. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. पोटगीच्या ठरलेल्या रकमा काही प्रमाणात खाली आल्या, कारण त्या खऱ्या उत्पन्नाशी जुळवण्यात आल्या. रोजगारातील सुधारणा अल्प होती आणि हुकुमाप्रमाणे रक्कम भरण्याचे प्रमाण फारसे हलले नाही. यंत्रणेविषयीचे समाधान आणि मुलांविषयीची जबाबदारीची जाणीव मात्र ठळकपणे वाढली. ज्या कार्यालयाचे पत्र आले की पिता पत्ता बदलत असे, त्या कार्यालयाच्या दृष्टीने हा बदल लहान नाही. पण मुलाच्या वह्यापुस्तकांचा खर्च त्यातून निघत नाही, हेही तितकेच खरे.

पैसा कोणाच्या हाती

पित्याने भरलेली रक्कम मुलापर्यंत पोहोचते का, याचाही पित्याच्या वागणुकीशी संबंध असल्याचे दिसून आले. विस्कॉन्सिनने १९९७ पासून सरकारी साहाय्य घेणाऱ्या कुटुंबांना पोटगीची पूर्ण रक्कम देण्यास सुरुवात केली आणि काही कुटुंबांना तुलनेसाठी वगळले. पूर्ण रक्कम मिळणाऱ्या कुटुंबांतील पिते अधिक प्रमाणात भरणा करू लागले आणि अविवाहित पित्यांच्या पितृत्वाची नोंदही लवकर होऊ लागली. २००६ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने एका मुलासाठी १०० आणि दोन किंवा अधिक मुलांसाठी २०० डॉलरपर्यंत रक्कम कुटुंबाला दिल्यास राज्यांना केंद्राचा हिस्सा भरण्यातून सूट दिली. चालू पोटगी संपूर्णपणे कुटुंबाला देणारे कोलोराडो हे पहिले राज्य ठरले. तेथे एप्रिल २०१७ पासून ही पद्धत आहे.

पित्यांना रोजगार मिळवून देण्याच्या विचाराला विरोधही झाला व तो दुर्लक्षणीय नाही. मुले सांभाळणारी माता अनेकदा तितकीच गरीब असते, तीही किमान वेतनावर राबते, शिवाय मुलांचे आजारपण आणि शाळा तिच्याच अंगावर असते. निधी मर्यादित असताना तो रक्कम थकवणाऱ्यावर का खर्चावा, असा प्रश्न विचारला गेला. नोव्हेंबर २०१४ मध्ये प्रस्तावित केलेल्या नियमांत रोजगारसेवांसाठी पोटगी यंत्रणेचा निधी वापरण्याची तरतूद होती. काँग्रेसमधील काही सदस्यांनी तिला आक्षेप घेतला आणि डिसेंबर २०१६ च्या अंतिम नियमांतून ती वगळण्यात आली. त्या नियमांत जे राहिले तेही महत्त्वाचे होते. तुरुंगवास ही स्वेच्छेची बेकारी मानण्यास मनाई झाली. रक्कम ठरवताना पित्याच्या स्वतःच्या किमान गरजा विचारात घेणे राज्यांना बंधनकारक झाले. आणि अवमानाची कारवाई सुरू करण्यापूर्वी ऐपत तपासून पाहण्याची सक्ती झाली. टर्नर यांच्या आदेशातील कोरी राहिलेली जागा भरण्याचे काम आता न्यायालयापूर्वी यंत्रणेकडे आले.

वगळलेली तरतूद आठ वर्षांनी, डिसेंबर २०२४ च्या नियमाने परत आली. कामाचा शोध, कामाची पूर्वतयारी, कौशल्याची तपासणी, व्यवसाय-प्रशिक्षण, नोकरी टिकवण्यासाठी साहाय्य, तसेच प्रवासखर्च, गणवेश आणि हत्यारे यांवरील खर्च त्यात धरता येतो. या खर्चाचे ६६ टक्के केंद्र देते आणि उरलेले ३४ टक्के राज्याने घालावयाचे असतात. योजना ऐच्छिक आहे. तिच्यात सहभागी व्हावयाचे की नाही, हे प्रत्येक राज्याने आपापल्या अंदाजपत्रकाकडे पाहून ठरवावयाचे आहे.